गाडीला अर्थिंग कुठून देणार?

आमच्या चाळीत पंखा बंद पडला की लोक दुकानात जात नाहीत, जगदीशकाकांकडे जातात. फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या आल्या, जगदीशकाका. गणपतीच्या मंडपातली अर्धी रोषणाई गेली, जगदीशकाका. लग्न होऊन मी चिंचपोकळीच्या या चाळीत आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला दोन गोष्टी बजावल्या. एक, पाणी पहाटे येतं. दुसरी, विजेच्या वस्तूचं काही बिघडलं तर जगदीशने बघितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. पहिली गोष्ट आता बदलली आहे. दुसरी परवापरवापर्यंत तशीच होती.

काका आमच्या समोरच्या खोलीत राहतात. अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, शर्टाच्या खिशात टेस्टर. तरुणपणी परळच्या एका गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडल्यावर दुकान काढलं नाही, पाटी लावली नाही, चाळीतल्या खोल्या हेच त्यांचं खातं झालं. त्यांच्या घरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवरच्या छोट्या दिव्यापासून चाळीतल्या नानांच्या देव्हाऱ्यातल्या माळेपर्यंत सगळं वायरिंग त्यांच्या हातचं. पैसे विचारले तर "दे गं काहीतरी" म्हणायचे, आणि माझ्यासारखी एखादी चहावर भागवायची. त्याची मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

काम झाल्यावर त्यांची एक ठरलेली रीत होती. चपला काढायच्या, फरशीवर अनवाणी उभं राहायचं आणि दुरुस्त केलेल्या वस्तूला उजवा हात पालथा लावायचा. पालथाच का, तर करंट असला की बोटं आत वळतात. तळहाताने धरलेलं सुटत नाही, पालथा हात मात्र झटकला जातो. असा हात लावून झाला की मान हलवून म्हणायचे, "हं. लाव आता तू." त्यांच्या हाताच्या आधी दुसऱ्या कोणाचा हात वस्तूला लागलेला त्यांना चालत नसे. घरातल्या लहान पोराला तर ते आधी दारात उभं करायचे. चाळीला एवढं पुरत होतं. आयएसआयचा शिक्का असला काय आणि नसला काय, जगदीशचा हात लागला म्हणजे झालं.

आणि मग त्यांच्या लेकीने, प्रितीने, विजेवर चालणारी गाडी आणली.

हौस म्हणून नाही आणली तिने. प्रितीची आई, जाईबाई, किडनीची पेशंट. आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिस. जाताना ठीक असतं, येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं. चिंचपोकळी म्हटलं की टॅक्सीवाले मान फिरवतात, एवढ्याशा अंतराला कोण येणार? एकदा उन्हात जाईबाई हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर डोकं धरून बसल्या आणि प्रिती एकेका टॅक्सीच्या काचेवर हात मारत फिरली. त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "बस झालं, आता गाडी घ्यायची." काकांनी मान डोलावली. विमा कंपनीत चांगल्या नोकरीला आहे पोरगी, घेऊ दे. पण गाडी कंपाउंडमध्ये येऊन उभी राहिली आणि त्यांना कळलं की ही पेट्रोलची नाही.

"पेट्रोलवाली नव्हती का गं?" एवढंच ते म्हणाले.

तिथून आमच्या चाळीच्या डोक्याचा जो भुगा झाला, तो विचारू नका. चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी सुप्रभात आणि पाण्याच्या टाकीखेरीज काही नसतं. तिथे आता जळणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ यायला लागले. कुठल्या देशातल्या, पेट्रोलच्या की विजेच्या, काही पत्ता नाही. धूर दिसला की पुढे ढकल. एकाने लिहिलं, चार्जिंगला लावून मोबाइलवर बोललं की स्फोट होतो. दुसऱ्याने लिहिलं, पावसात हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं की त्या पाण्यात करंट उतरणार आणि अख्खा रस्ता मरणार. एक बाई म्हणाल्या, तिच्या बॅटरीतून किरणं येतात, गरोदर सुनेला तिथून जाऊ देऊ नका. कोणी म्हणे तीन वर्षांत बॅटरी बसते आणि नवी गाडीच्याच भावाला पडते, कोणी म्हणे आठ वर्षं कुठे गेली नाहीत. कोणी म्हणे घाट चढत नाही. तिघांनी तीन वेगवेगळे घाट सांगितले. मी बीकॉम झालेली, ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई. मला वाटलं आपण शोधू आणि या सगळ्यांची तोंडं बंद करू. शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं पाण्याचं काही भय नाही, दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं पाण्यात घालू नका. मी फोन ठेवून दिला.

आमच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष नाना. मालवणकडचे, आवाज मोठा, निर्णय छोटा. गाडीसाठी कंपाउंडमध्ये चार्जिंगचा पॉइंट लागणार, त्याला कमिटीची परवानगी लागणार. प्रितीने रीतसर विचारलं. नानांनी गॅलरीतूनच निकाल दिला.

"आमका काय कळता त्यातला? जगदीश होय म्हणालो तर होय, नाय म्हणालो तर नाय."

सगळ्यांना हे एकदम पटलं. मलाही पटलं. काका तेवढे कठड्याला धरून खाली बघत राहिले. लेक त्यांची, गाडी तिची, ती हवी आहे त्यांच्याच बायकोसाठी, आणि सेफ आहे की नाही ते त्यांनीच सांगायचं. ते सरळ "होय" म्हणाले असते तर कोणी एक अक्षर बोललं नसतं. पण ज्या वस्तूला हात लावून कळत नाही, तिला त्यांनी जन्मात होय म्हटलं नव्हतं.

मग काका विचारत सुटले. बस डेपोबाहेर विजेच्या बसचा ड्रायव्हर गाठला. तो म्हणाला, "काका, मी फक्त चालवतो." शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलीने त्यांना पाणी दिलं, छापील माहितीपत्रक दिलं आणि गाडीत गाणी कशी लावायची ते दाखवलं. डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी जाईबाईंचा रक्तदाब सांगितला. एका रविवारी ते माझ्या दारात आले.

"सीमा, तू शिकलेली आहेस. मला एक सांग, टायर रबराचे, बरोबर? मग गाडीला अर्थिंग कुठून देणार?"

मी नूपुरला हाक मारली. नूपुर माझी मुलगी, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, घरातली सगळी हुशारी तिच्याकडे असा तिचा समज. ती म्हणाली, "काका, ती सिस्टिम आयसोलेटेड असते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... आयसोलेटेडच."

काकांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकला. पुढच्या आठवड्यात ते लालबागहून लोखंडी साखळी घेऊन आले. पेट्रोलच्या टँकरच्या मागे जमिनीला घासत जाणारी साखळी असते ना, तशी. ती गाडीच्या बुडाला बांधायची, म्हणजे करंट रस्त्यात उतरत जाईल, असा त्यांचा हिशोब. प्रितीने साखळी बघितली आणि तिचा पारा चढला.

"पप्पा, माझ्या गाडीला हात लावायचा नाही!"

अख्ख्या चाळीच्या विजेला ज्यांनी हात लावला त्यांना ही पोर असं म्हणाली. मला तिचा राग आला. आणि दुसऱ्या दिवशी जाईबाईंना जिन्यावर बसलेलं बघून काकांचाही राग आला. कारण गाडी खाली उभी, पोरगी चावी घेऊन उभी, आणि हा गृहस्थ म्हणतो, मला कळेपर्यंत जाई त्यात बसणार नाही. जाईबाई बसायला तयार होत्या. "मला आता कसली भीती, माझं रक्तच मशीनमधून फिरून येतं," म्हणायच्या. पण नवऱ्याचं तोंड बघून पुन्हा टॅक्सीची वाट बघत उभ्या राहायच्या. प्रिती बिचारी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्ज करून आणायची आणि कंपाउंडमध्ये कव्हर घालून ठेवायची.

त्यांच्या घरात आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या आठवड्यात ऐकला. दार उघडंच होतं, मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते.

"पप्पा, तुम्हाला गाडीची भीती वाटते, की तुम्हाला त्यातलं कळत नाही हे सांगायची भीती वाटते?"

थोड्या वेळाने काका बाहेर आले, म्हणाले, "सीमा, नानांना सांग, रविवारी सकाळी सगळ्यांसमोर गाडी चार्जिंगला लावू. मी हात लावून बघतो. काय ते तिथेच सांगेन."

रविवारी कंपाउंड भरलं. वर गॅलऱ्यांतूनही माणसं लोंबत होती. गणपती मंडळाच्या ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीला पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे. गणपतीच्या रोषणाईची लाइन तिथूनच जाते आणि कंपाउंडमधला पिण्याच्या पाण्याचा कूलरही त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या पॉइंटवर चालतो. हा सगळा बोर्ड काकांनी स्वतः बसवलेला, त्यामुळे जागा त्यांनीच निवडली. प्रितीने डिकीतून चार्जरचा डबा काढला. एका बाजूला साधी प्लगवाली वायर, दुसऱ्या बाजूला गाडीत खुपसायची मोठी मूठ, मध्ये दिवे असलेला काळा डबा. काकांनी चपला काढल्या. कोणीतरी पोरांना मागे ओढलं.

काकांनी प्लग लावला, बटण दाबलं. डब्यावर लाल दिवा लागला आणि उघडझाप करायला लागला.

"लाल म्हणजे काय?" नानांनी विचारलं.

प्रिती गोंधळली. "काल ऑफिसमध्ये हिरवा लागला होता. हाच डबा, हीच गाडी."

तिने मूठ गाडीत घातली, काढली, पुन्हा घातली. गाडी काही घेईना. काकांनी डब्याला पालथा हात लावला, गाडीच्या पत्र्याला लावला. काही नाही. प्लग काढून टेस्टर पॉइंटमध्ये घातला, तो लख्ख पेटला. म्हणजे पॉइंटमध्ये वीज आहे, आणि गाडी घेत नाही.

मग काय, मैदान मोकळंच. "बघा! मी सांगत होतो." "एवढे लाख घालून लाल दिवा आणला." "आज घेत नाही, उद्या फुटेल." ज्या बाईंना किरणांची काळजी होती त्यांनी सुनेला आत पाठवलं. प्रितीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. जाईबाईंसाठी कोणीतरी खुर्ची आणून ठेवली होती. त्या लेकीकडे बघत होत्या. मला त्या क्षणी खरंच वाटलं, संपलं, गाडी परत जाणार.

काका मात्र त्या पॉइंटसमोरच वाकून उभे होते. बराच वेळ. मग नूपुरला म्हणाले, "वर माझ्या पेटीत होल्डरला लावलेला बल्ब आहे, दोन वायरीवाला. आण."

बल्ब आला. त्याच्या दोन वायरी त्यांनी पॉइंटच्या खालच्या दोन भोकांत घातल्या. बल्ब झकास लागला. मग एक वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लागला नाही. त्यांनी वायर पुसली, पुन्हा घातली. नाही लागला. तिसऱ्यांदा घातली.

"गाडीने बल्बपण उडवला!" वरून कोणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

मला वाटलं, असेलही. खोटं कशाला बोलू, मला खरंच काही समजत नव्हतं. कोणालाच समजत नव्हतं. नाना हात वर करून म्हणाले, "चला, ठरलां मगे. नाय म्हणजे नाय." लोक उठायला लागले. काकांनी वायरी गुंडाळून खिशात घातल्या असत्या तर कोणाला कधी काही कळलं नसतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. घाम फुटला होता त्यांना.

"थांबा नाना," ते म्हणाले. "गाडीला काही झालेलं नाही."

"मग लाल कसो?"

"माझं अर्थिंग मेलंय."

कोणाला ओ की ठो कळलं नाही. काका सगळ्यांकडे न बघता, त्या भिंतीशीच बोलल्यासारखे बोलत होते. "हे वरचं भोक असतं ना, ते यासाठी, की वस्तूच्या पत्र्यात करंट उतरला तर तो वायरीने जमिनीत जावा, माणसातून जाऊ नये. त्या कोपऱ्यात खड्डा करून ती वायर मी जमिनीत सोडली होती. ती कुठेतरी तुटलीय. जमीन लागत नाही, म्हणून बल्ब लागला नाही आणि डबाही करंट सोडत नाही. गाडी बरोबर आहे. चूक माझी."

"कधी तुटली?"

"माहीत नाही. कंपाउंडला लाद्या बसवल्या तेव्हा तुटली असेल. मी बघितलंच नाही नंतर."

"पण तू दर गणपतीक हात लावून बघतस की, रे!"

"हात लावून हे कळत नाही, नाना. शॉक बसला नाही म्हणजे त्या दिवशी करंट उतरलेला नव्हता, एवढंच. उतरला असता तर थांबवायला मागे काही नव्हतं." बोलता बोलता त्यांचं लक्ष कूलरकडे गेलं आणि ते अनवाणीच धावले. त्यांनी कूलरचा प्लग खसकन उपटला. स्टीलचा कूलर. खेळून आलेली पोरं ओल्या हातांनी, ओल्या पायांनी त्याच्या तोट्या उघडतात. माझी नूपुर लहानपणापासून तिथेच पाणी पीत आली.

काका प्लग हातात धरून तिथेच खाली बसले. "पोरं मी म्हणालो म्हणून हात लावत होती," ते म्हणाले, आणि रडायला लागले. सगळ्यांसमोर. जाईबाई खुर्चीतून उठल्या, भिंतीला धरत धरत गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

शेवटी नाना बोलले. आवाज नेहमीच्या निम्माच होता. "जगदीश, मगे आमच्या खोल्यांतला? तां बरोबर आसा मां?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "बघावं लागेल."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे दोन शब्द ऐकले नव्हते. त्या सकाळी दोनदा ऐकले. मला त्यांचा राग यावा की दया यावी, की स्वतःचाच राग यावा, तेच उमजेना. आम्ही तरी कधी विचारलं होतं? चहा पाजला की आमची जबाबदारी संपत होती. गाडीकडे आता कोणी बघतही नव्हतं. जो तो आपापल्या खोलीकडे बघत होता.

दुसऱ्याच दिवशी काकांनी कोपऱ्यातल्या लाद्या उखडल्या. खालची वायर खरंच कापली गेली होती. त्यांनी नवा खड्डा घेतला, जमीन ओलसर राहावी म्हणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं, नवी वायर ओढली, आणि त्यावर विश्वास न ठेवता स्वतःच बाहेरच्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मशीनने मोजून घेतलं. प्रितीने डबा लावला, हिरवा दिवा लागला. नानांनी परवानगी दिली. मग काका दोन वायरींचा तो बल्ब घेऊन खोलीखोलीत फिरले. कुठे लागला, कुठे नाही लागला. आमच्याकडे फ्रिजच्या पॉइंटवर नाही लागला. काही जणांनी त्यांना दारातच सांगितलं, आम्ही बाहेरचा माणूस बघू. काका "बरं" म्हणाले आणि पुढच्या दाराशी गेले.

गाडीचे प्रश्न मिटले म्हणता? छे. बॅटरी किती वर्षं चालते, पाणी भरलं तर काय, मला आजही धड माहीत नाही. ग्रुपवर व्हिडिओ येतातच. फक्त आता त्याखाली कोणी "जगदीशला विचारा" असं लिहीत नाही.

परवानगी मिळाल्यानंतरच्या पहिल्या डायलिसिसच्या दिवशी मी ऑफिसला निघाले होते. प्रितीने गाडी दाराशी आणली होती आणि जाईबाई मागच्या सीटवर उशी घेऊन आरामात बसल्या होत्या. काका पुढचं दार उघडून उभे होते. एक पाय आत, एक बाहेर. मला बघून ओशाळले, मग आत बसले आणि पट्टा शोधायला लागले. प्रितीनेच तो ओढून लावून दिला.

"भीती वाटते का, पप्पा?" तिने विचारलं. या वेळी आवाजात धार नव्हती.

"वाटते ना," काका म्हणाले. "पण गाडीची नाही गं."

आणि खिडकीतून मान वर करून ते चाळीच्या सगळ्या मजल्यांकडे बघत राहिले.